पुराणवस्तुसंग्रह, नग एक

जमवायचंच असेल तर माणसानं तिकिटं जमवावीत. तिकिटाला वजन नसतं, ते लिफ्टमधून नेता येतं, आणि ते कुणाच्या हद्दीत सापडलं असं सरकार विचारत नाही. हे शहाणपण मला आता आलेलं आहे. त्या रविवारी मी जुन्या सामानाच्या वखारीत शिरलो तेव्हा ते नव्हतं.

खरं म्हणजे मला न्हाणीघराचं दार आणायला पाठवलं होतं. आमची ही शाळेत गणित शिकवते. त्यामुळे दाराची उंची, रुंदी, जाडी आणि माझ्या हातून होऊ शकणाऱ्या चुका असं सगळं तिनं एका चिठ्ठीवर क्रमवार लिहून दिलं होतं. दगडाचा उल्लेख त्या चिठ्ठीत कुठंही नव्हता, हे तिनं नंतर मला बऱ्याचदा दाखवून दिलं.

वखारीत पाडलेल्या घरांची दारं, खिडक्या, कठडे असा संसार मांडला होता. दारं बघता बघता एका खिडकीमागे मला तो दिसला. छातीभर उंच, काळपट, वरचा एक कोपरा उडालेला, आणि अंगावर आडव्या ओळींत कोरलेली अक्षरं.

"हा दगड कसला हो?" मी विचारलं.

"दगड म्हणू नका, साहेब," वखारवाला दुखावला. "शिलालेख आहे. तेराव्या शतकातला."

"कशावरून?"

"बाराव्यातला असता तर अक्षरं आणखी गोल असती." मग माझा चेहरा पाहून त्यानं दिलासा दिला, "चौदाव्यातला हवा असेल तर परवा या. एक घर पडतंय."

मी विमा कार्यालयात दाव्यांच्या विभागात आहे. लोकांवर कोसळलेल्या आपत्ती खऱ्या की खोट्या हे ठरवणं हे माझं काम. इतक्या वर्षांत माझ्या हाताखालून गेलेली सर्वांत प्राचीन वस्तू म्हणजे एका गोदामाच्या आगीची अकरा वर्षांची फाइल. शिवाय आमच्या वरिष्ठांकडे जुनी नाणी आहेत, आणि दुपारच्या चहाला ते ती कोटाच्या खिशातून काढून, फुंकर मारून दाखवतात. दगड खिशात मावणार नव्हता हे खरं. पण तोच तर त्याचा मोठेपणा! मी दगडावर हात ठेवला. तो गार होता. सातशे वर्षांत आपल्याला ओळखणारा पहिलाच माणूस भेटला, असं काहीसं त्याला वाटलं असावं. निदान मला तसं वाटलं, आणि असल्या वेळी दगडापेक्षा माणसाला काय वाटतं तेच महाग पडतं.

घरी फोन केला. "दार मिळालं का?" हिनं विचारलं.

"दारापेक्षा मोठं मिळालंय."

"मोठं बसणार नाही," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती स्वतः गेली, बरोब्बर मापाचं दार घेऊन आली आणि संध्याकाळपर्यंत ते बसवूनही घेतलं. दाराचं प्रकरण तिथंच मिटलं. दगडाचं मिटायला दोन महिने लागले.

आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. टेम्पोतून दगड उतरवून चार हमालांनी लिफ्टपाशी आणला, आणि तिथं सेक्रेटरी उभे होते. आमचे सेक्रेटरी निवृत्त तुरुंगाधिकारी. जिथं भिंत नाही तिथं त्यांना उघड्यावर झोपल्यासारखं वाटतं. गेल्याच वर्षी त्यांनी इमारतीच्या मागची पायवाट भिंत घालून बंद केली होती, का तर चोर येतील. चोर त्याआधी कधी आले नव्हते, पण ते आले असते तर त्याच वाटेनं आले असते हे त्यांचं म्हणणं कुणाला खोडता आलं नाही. त्या वाटेनं फक्त माझ्या सासूबाई यायच्या-जायच्या. मागच्या इमारतीत त्यांची मैत्रीण राहते, निवृत्त वकीलबाई. दोघी रोज दुपारी बुद्धिबळ खेळत. भिंत झाल्यापासून मोठ्या रस्त्यानं वळसा पडायला लागला, आणि सासूबाईंचे गुडघे वळसा घालणाऱ्यांपैकी नाहीत. आठवड्यातून एकदा मी रिक्षा करून देत असे, तेवढीच भेट.

तर सेक्रेटरींनी लिफ्टमधल्या पाटीवर बोट ठेवलं. "सहा माणसं किंवा चारशे आठ किलो. यात दगड कुठं लिहिलाय?"

"वखारवाला म्हणाला, दोनशे किलो," मी म्हणालो.

"दोनशे अधिक यांचे ब्याऐंशी," आमची ही जिन्यातून म्हणाली, "दोनशे ब्याऐंशी. जाईल."

हिचं गणित कधी चुकत नाही. वखारवाल्याचं चुकलं होतं. दगड साडेतीनशेच्या पुढं निघाला, हे आम्हाला लिफ्टनंच कळवलं. दुसरा मजला ओलांडून ती कण्हली, थरथरली आणि थांबली. आत दगड आणि मी. आमच्या लिफ्टला जाळीचं दार आहे. त्यामुळे दुसऱ्या मजल्याला माझे बूट दिसत होते आणि तिसऱ्याला डोकं. माझ्यामागचा दगड कुणालाच दिसत नव्हता, आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तोच दिसत नसल्यामुळे लोकांची सहानुभूती मिळणं कठीण होतं.

पण सल्ले मिळाले. दुसरा मजला माझ्या बुटांना म्हणाला, "जोरात उडी मारा, सुटेल." तिसरा मजला म्हणाला, "अजिबात हलू नका." तळमजल्यावर दंतवैद्यांचा दवाखाना आहे; ते पेशंटला आ वासलेला ठेवून धावत वर आले आणि सवयीनं म्हणाले, "घाबरू नका. मोठ्ठं उघडा."

"काय?"

"दार."

चौथ्या मजल्याच्या कठड्यावरून सासूबाईंनी हाक मारली, "जावईबापू, लागलं नाही ना?"

"नाही, आई!"

"तुम्हाला नाही हो, दगडाला."

पावणेदोन तासांनी कारागीर आला. त्यानं लिफ्ट इंचाइंचानं खाली घेतली, मला बाहेर काढलं आणि लिफ्टखालच्या खड्ड्यात बॅटरी मारून मान हलवली. खालचा लोखंडी पाया वाकला होता. लिफ्ट बंद. खड्डा उकरून पाया नव्यानं बसवायचा, आठेक दिवसांचं काम. कैद्याचा नंबर पाठ करावा तसं सेक्रेटरींनी माझ्याकडे फक्त पाहिलं. ते पाचव्या मजल्यावर राहतात.

हमालांनी दगड लिफ्टबाहेर ओढला आणि जिन्याकडे एकदा पाहून ते निघून गेले. दगड तळमजल्यावर टपालपेट्यांशेजारी उभा राहिला, आणि इमारतीचे त्याच्याशी स्वतंत्र संबंध सुरू झाले. इस्त्रीवाला त्यावर गठ्ठे ठेवू लागला. जिने चढण्याआधी दम साठवायला लोक त्याला टेकू लागले आणि टेकल्या टेकल्या माझ्याबद्दल बोलू लागले. दंतवैद्यांनी मात्र तोंडात घालायचा छोटा आरसा आणून उडालेला कोपरा तपासला. "वरचा उजवा गेलाय. बाकी मुळं घट्ट आहेत," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "हे खरंच जुनं असेल तर नोंदवावं लागतं, बरं का. नाहीतर आत टाकतात." आणि त्यांनी उगाचच पाचव्या मजल्याकडे पाहिलं.

मी कायद्याला भिणारा माणूस आहे. मंगळवारी रजा टाकून पुरातत्त्व कार्यालयात गेलो. खिडकीमागच्या कारकुनानं माझा अर्ज वाचला.

"वस्तू प्राचीन आहे याचा दाखला?"

"तो कोण देतं?"

"आम्ही."

"मग द्या ना."

"अर्ज दाखल झाल्याशिवाय कसा देणार? आणि दाखला जोडल्याशिवाय अर्ज दाखल कसा करणार?" त्यानं हे इतक्या शांतपणे विचारलं की मला राग येण्याऐवजी आदर वाटला. खिडकीच्या आतल्या बाजूनं हेच मी वीस वर्षं करत आलो होतो. बाहेरून ते इतकं देखणं दिसतं याची कल्पना नव्हती. मी माझा पेशा सांगितला. त्यालाही भाऊबंद भेटल्यासारखं झालं आणि त्यानं दाखल्याच्या रकान्यात 'मागाहून' असं लिहून दिलं.

घोळ पुढच्या रकान्यात झाला. 'वस्तू मिळाल्याचे ठिकाण' इथं मी वखारीचा पत्ता लिहायला घेतला, तर त्यानं माझं पेन पकडलं. "दुकान हे ठिकाण नसतं. तो व्यवहार झाला. व्यवहाराचा फॉर्म वेगळा, खिडकी वेगळी, आणि ती सोमवारी उघडते."

"पण आज मंगळवार."

"म्हणूनच सांगतो. इथं लिहा, 'खालीलप्रमाणे'."

मी लिहिलं, खालीलप्रमाणे. खालचा रकाना होता 'वस्तूचे सध्याचे ठिकाण'. तिथं मी सुवाच्य अक्षरात आमच्या इमारतीचा पत्ता लिहिला, तळमजला, टपालपेट्यांजवळ. सही केली, पोच घेतली, आणि एक काम रीतसर झाल्याच्या आनंदात घरी चालत आलो.

पाचव्या दिवशी इमारतीच्या फाटकावर नोटीस चिकटली. या आवारात प्राचीन शिलालेख सापडला असल्यामुळे पाहणी होईपर्यंत शंभर मीटरच्या आत कोणतंही खोदकाम करण्यास मनाई आहे. त्याच सकाळी लिफ्टचा कारागीर कुदळ घेऊन आला होता. त्यानं नोटीस वाचली, कुदळ खांद्यावर टाकली आणि तो दुसऱ्या कामाला निघून गेला.

त्या संध्याकाळी तातडीची सभा झाली. गच्चीपर्यंत चढण्याची कुणाची तयारी नव्हती, म्हणून जिन्यातच. प्रत्येक जण आपापल्या मजल्याच्या पायरीवर बसला, त्यामुळे मला खालून वर पाचही मजल्यांना एकेक करून तोंड द्यावं लागलं.

"आमच्या घरी गॅसचं सिलिंडर कसं चढवायचं?" तिसरा मजला.

"दाढेत खोदकाम केलेलं चालतं का, ते विचारून घ्या," दंतवैद्य म्हणाले. ते गंमत करत नव्हते. त्यांनी शंभर मीटर खरोखरच मोजून पाहिले होते.

"संग्रह म्हणे!" पाचव्या मजल्यावरून सेक्रेटरींचा आवाज घुमत आला. "माझ्या वेळी माणसं असल्या नादांपायी बारा बारा वर्षं बसलेली मी पाहिलीयत. तुमची चूक, तुम्ही निस्तरा. दगड इथला नाही असं लिहून आणा."

मी वखारीत गेलो. वखारवाल्यानं मला पाहिलं आणि पाण्याचा पेला पुढं केला.

"दगड? कसला दगड? मी दारं-खिडक्या विकतो, साहेब."

"अहो, तेराव्या शतकातला! तुम्हीच तर..."

"माझं शिक्षण सातवीपर्यंत. मला शतकातलं काय कळणार?"

कार्यालयात गेलो तर कारकून म्हणाला, दुरुस्तीसाठी मूळ विक्रेत्याचं निवेदन किंवा पावती लागेल. नाहीतर पाहणी होईपर्यंत थांबा. पावती घरभर शोधूनही सापडली नाही, आणि पाहणी पाच आठवड्यांनी होती.

ते पाच आठवडे मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. सकाळी कामावर जाताना पंचवीस घरांची दारं माझ्यामागे जरा जोरातच लागायची. टपाल घ्यायला आलेले लोक दगडाला "तुमचे मालक चालले" असं सांगायचे. ऑफिसात वरिष्ठांनी मला मुद्दाम बोलावून एक नाणं दाखवलं आणि म्हणाले, "बघा, याला लिफ्ट लागत नाही."

पण खरा तुरुंगवास सासूबाईंना झाला. आधी निदान आठवड्यातून एकदा त्या रिक्षानं जात. आता चार जिने उतरणं नाही की चढणं नाही. दोघी फोनवर खेळू लागल्या. दोन्ही घरी पट मांडलेला, आणि चाल फोनवर. पाचव्या आठवड्यात सासूबाईंच्या पटावर वकीलबाईंचा जो उंट मेलेला होता तो वकीलबाईंच्या पटावर जिवंत निघाला. त्यावरून जे झालं त्यानंतर चार दिवस फोनच बंद. पाचव्या दिवशी मी कामावरून आलो तर सासूबाई गॅलरीत बसून मागच्या भिंतीकडे पाहत होत्या. दिवा लावला नव्हता.

"भांडायलासुद्धा समोर माणूस लागतं, जावईबापू," त्या म्हणाल्या. "फोनवर तोंडच दिसत नाही, म्हणून उगाच जास्त बोलले मी."

दगड आणताना मी सातशे वर्षांचा विचार केला होता. चौथ्या मजल्यावरच्या एकाहत्तर वर्षांचा केला नव्हता.

पाहणीच्या दिवशी सकाळी ही कपाटातून माझा शर्ट काढायला गेली, आणि खिशातून एक घडी निघाली. धुऊन, वाळून, इस्त्री होऊन कागद मऊ झाला होता, पण अक्षरं शाबूत होती. वखारीचा शिक्का, तारीख, आणि खाली 'अक्षरांचा दगड, नग एक'.

मी ओरडलोच. "पावती! सुटलो! आत्ता दाखवतो, आजच नोटीस उठेल."

सासूबाईंनी हात पुढं केला. मला वाटलं त्यांना वाचायची आहे. त्यांनी ती शांतपणे घडी केली आणि बुद्धिबळाच्या पटाखाली सरकवली.

"आई, दे तो कागद," ही म्हणाली.

"देईन. भिंत पडली की देईन."

"भिंतीचा आणि दगडाचा काय संबंध?"

"काल माझ्या मैत्रिणीचा फोन आला होता. ती म्हणते, संबंध आहे." चार दिवसांचा अबोला मिटला होता तर! "जावईबापू, खोटं बोलू नका. विचारलं तर तुमच्याजवळ पावती नाही, एवढंच सांगा. आणि ती नाहीच आहे. माझ्याजवळ आहे."

आमच्या हिनं पटाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, मग काल संध्याकाळी जिथं सासूबाई बसल्या होत्या त्या खुर्चीकडे पाहिलं. "मला शाळेला उशीर होतोय," ती म्हणाली आणि गेली. शाळेला त्या दिवशी सुट्टी होती.

अकरा वाजता पुरातत्त्व अधिकारी आल्या. तिशीच्या, पायांत कॅनव्हासचे बूट, खांद्याला भली मोठी पिशवी. त्यांनी आधी इस्त्रीवाल्याचे गठ्ठे उतरवले. मग दगड धुतला, त्यावर ओला कागद थापला, ब्रशनं ठोकून ठोकून तो अक्षरांत बसवला आणि वरून शाईची पुरचुंडी फिरवली. काळ्या कागदावर पांढरी अक्षरं उमटू लागली. जिना माणसांनी भरला होता. पंचवीस घरांपैकी एकालाही ऑफिस आठवत नव्हतं. दंतवैद्यांनी पेशंटलाही बाहेर आणलं होतं. त्याच्या गालात कापूस होता.

बाई ओळीवर बोट फिरवत सावकाश वाचू लागल्या. "ही वाट... पाण्याची. माणसांची, गुरांची... परक्याचीही. ही कोणी... अडवू नये. जो अडवील..."

"जो अडवील त्याला काय?" तिसरा मजला पुढं झुकला.

"पुढचं फुटलंय. कोपऱ्याबरोबर गेलं."

असा शाप अर्धवट राहणं फार वाईट. पूर्ण असता तर एकच झाला असता. आता ज्याला जो सुचेल तो. "निर्वंश होईल," कुणी म्हणालं. "दात पडतील," दंतवैद्य म्हणाले. "पाचव्या मजल्यापर्यंत रोज चढावं लागेल," गालात कापूस असलेला पेशंट म्हणाला, आणि पहिल्यांदाच सगळ्या जिन्याला तो आवडला. सेक्रेटरी मात्र हसले नाहीत.

"हा वाटेवरचा दगड आहे," बाई म्हणाल्या. "तो इथलाच असेल तर इथं जुनी वाट असायला हवी. आहे का?"

सेक्रेटरींचा चेहरा उजळला. "वाट? छे! या आवारात वाट कधीच नव्हती. लिहून देतो."

"द्या."

त्यांनी दगडावरच कागद ठेवून झोकात लिहून दिलं आणि सही केली. बाई माझ्याकडे वळल्या. "खरेदीची पावती आहे?"

दाव्यांच्या विभागात हेच वाक्य मी रोज दहा जणांना विचारतो, आणि उत्तर देताना माणूस कुठं पाहतो त्यावरून समजतो. मी टपालपेट्यांकडे पाहत म्हणालो, "माझ्याजवळ नाही."

बाईंनीही माझी नजर कुठं गेली ते पाहिलं. पण त्या काही म्हणण्याआधीच फाटकातून काठीचा आवाज आला. वकीलबाई मोठा वळसा घालून, घामाघूम होऊन आल्या होत्या. दगडाला टेकून त्यांनी आधी दम घेतला, मग प्लास्टिकच्या फोल्डरमधून एक कागद काढला.

"नगरपालिकेतून नक्कल काढलीय," त्या म्हणाल्या. "गेल्या वर्षीचा अर्ज. वाचते. 'आमच्या आवारातून जाणारी पूर्वापार वहिवाटीची जुनी वाट भिंत घालून बंद करण्यास परवानगी मिळावी.' खाली सही आहे. आज दिलेल्या कागदाशी ताडून बघा, तीच आहे. वळण छान आहे हो तुमच्या सहीला."

सगळा जिना सही बघायला पुढं झुकला.

"म्हणजे वाट होती की नव्हती?" अधिकारी बाईंनी विचारलं.

सेक्रेटरींनी एकदा नव्या कागदाकडे पाहिलं, एकदा जुन्या. आयुष्यभर त्यांनी इतरांच्या जबान्या ऐकल्या होत्या. स्वतःच्या दोन जबान्या समोरासमोर आल्या तर काय करायचं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

"मला जमीन बघावी लागेल," बाई शेवटी म्हणाल्या. "दगड उभा असल्याची खूण तिथं आहे की नाही, ते. पण तिथं आता तुमची भिंत उभी आहे. ती आहे तोवर पाहणी नाही, पाहणी नाही तोवर नोटीस उठणार नाही."

"आणि नोटीस आहे तोवर लिफ्ट नाही," तिसरा मजला म्हणाला. पंचवीस घरं सेक्रेटरींकडे बघत होती. एवढ्या नजरा त्यांनी नेहमी गजांच्या बाहेरून झेलल्या होत्या.

शनिवारी भिंत पडली. सेक्रेटरी स्वतः छत्री घेऊन उभे राहिले आणि प्रत्येक वीट मोजून बाजूला रचून घेतली. बाईंनी भिंतीखालची माती गुडघाभर उकरून पाहिली. सापडला एक कपाचा कान, चपलेचं बक्कल आणि अर्धा कंगवा. दगडाची खूण काही नाही. त्या उकरत होत्या तेव्हाच पलीकडून वकीलबाई काठी टेकत, खड्ड्याला बगल देऊन आल्या. अंतर होतं चाळीस पावलांचं. चार जिने त्या दर मजल्यावर खुर्ची मागून घेत चढल्या आणि आमच्या दारात उभ्या राहून पहिलं वाक्य बोलल्या, "तो उंट जिवंत होता." सासूबाई म्हणाल्या, "बस आधी." मग दोघींनी पट मांडला. ही आत जाऊन उगाचच भांडी लावत बसली.

सोमवारी मी पावती घेऊन बाईंच्या टेबलापुढं उभा राहिलो. त्यांनी ती उजेडात धरली. "कुठं होती?"

"बुद्धिबळाच्या पटाखाली."

"ही त्या दिवशी मिळाली असती तर भिंत पाडावी लागली नसती."

"हो," मी म्हणालो. माझ्यासमोर असा दावेदार आला असता तर मी त्याची फाइल लाल फितीनं बांधली असती. बाईंनी पावती फाइलला टाचली आणि विचारलं, "डाव कुणी जिंकला?"

"अजून चालू आहे."

"मग नोटीस आजच उठवते."

लिफ्ट नऊ दिवसांत सुरू झाली. सेक्रेटरींनी भिंतीचा ठराव पुन्हा आणला, पण तोवर मागच्या इमारतीतले लोक वाटेनं दंतवैद्यांकडे येऊ लागले होते आणि त्यांच्या बाकावर जागा पुरेनाशी झाली होती. ठरावाच्या विरोधात पहिला हात त्यांचा. सेक्रेटरींनी रचून ठेवलेल्या विटा अजून तशाच आहेत. सासूबाई कधी कधी त्यांच्यावर बसतात.

दगडाचं म्हणाल तर पावती पाहिल्यावर वखारवाल्याला सातवीनंतरचं सगळं आठवलं. रस्ता रुंद करताना ठेकेदारानं उपटलेला दगड होता तो, दीड तासावरच्या एका तळ्याकाठच्या वस्तीवरचा. बाईंनी मला बोलावून सांगितलं, "तो परत तिथं लागायला हवा. वाट अजून वापरात आहे. तुमची काही हरकत?"

"नाही," मी म्हणालो. जगातला बहुधा सर्वांत अल्पायुषी संग्रह त्या एका शब्दात बरखास्त झाला. टेम्पो निघताना सगळी इमारत खाली उतरली होती, लिफ्टनं. दंतवैद्यांनी त्याच्या फुटक्या कोपऱ्यावरून एकदा अंगठा फिरवला.

मी टेम्पोबरोबर गेलो. खरं सांगायचं तर मी कोट घातला होता आणि चार ओळींचं भाषण खिशात ठेवलं होतं, कारण वारसा परत करणाऱ्या माणसाला लोक दोन शब्द बोलायला सांगतात असा माझा समज होता. तळ्याकाठी दहाबारा माणसं जमली होती. खड्डा तयार होता. खड्ड्याशी फावडं घेऊन एक म्हातारी उभी होती. तिनं दगड पाहिला, त्याच्यावर थापट्या मारल्या, फुटका कोपरा चाचपला आणि मग माझा कोट खालपासून वरपर्यंत न्याहाळला.

"हाच का तो घेऊन गेलेला?" तिनं विचारलं.

मी पुरातत्त्व अधिकाऱ्यांकडे पाहिलं. त्या बुटाची नाडी बांधत होत्या, आणि ती बांधून होईना.

"अहो आजी, मी तो विकत..." मी सुरुवात केली.

"बोलू नकोस. धर इकडून." दगड खड्ड्यात उतरला. बाकीच्यांनी माती लोटायला घेतली आणि तो उभा धरून ठेवायचं काम माझ्याकडे आलं. कोट घातलेल्या हातांनी मी त्याला मिठी मारली. तो डावीकडे कलला, मी उजवीकडे रेटला. तो उजवीकडे कलला.

म्हातारीनं फावडं जमिनीत रोवलं.

"उपटायला बरा आला," ती म्हणाली, "लावायला येईना होय? नीट धर."

मी नीट धरला.